‘देव विश्वासू आहे’ : शब्द बदलावा की ठेवावा?

मुद्रितशोधन करणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. एका ख्रिस्ती मंडळीच्या उपकारस्तुतीच्या सभेची पत्रिका त्यांच्याकडे तपासायला आली. वर ठळक अक्षरांत ‘आमचा देव विश्वासू आहे’ आणि खाली ‘अभिवचने पाळणारा, दयासंपन्न’. त्या विचारतात, “विश्वासू नोकर असतो, विश्वासू कुत्रा असतो. देव विश्वासू कसा? इंग्रजीवरून जसेच्या तसे उचललेले दिसते. ‘विश्वासार्ह’ करू का? आणि ‘अभिवचन’मधला ‘अभि’ उगाच वाटतो, तो काढू का?”

ताई, तुमच्या कानाला जे खटकले ते खरोखर खटकण्यासारखे आहे. तरीही लगेच लाल शाई उचलू नका.

मराठीत ‘विश्वासू’ला एक दिशा आहे. काम सोपवणारा वर असतो आणि ते इमानेइतबारे सांभाळणारा खाली. विश्वासू गडी, विश्वासू कारकून, विश्वासू सेनापती. गड्याला मालकाचे कौतुक करायचे असेल तर तो ‘आमचे मालक मोठे विश्वासू’ असे म्हणत नाही. ‘मालक शब्दाचे पक्के आहेत’ असे म्हणतो. म्हणून देवाला विश्वासू म्हटले की क्षणभर देवच आपल्याकडे कामाला असल्यासारखे वाटते.

गंमत अशी की मंडळींत वर्षानुवर्षे वाचल्या जाणाऱ्या बायबल सोसायटीच्या मराठी बायबलाने हा भेद बऱ्याच अंशी पाळला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या रुपयांच्या दाखल्यात धनी चाकराला म्हणतो, ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा’. तिथे विश्वासू. पण देवाबद्दल बोलायची वेळ आली की प्रेषित पौलाच्या पत्रांत शब्द येतो ‘विश्वसनीय’. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे, पिस्तॉस. भाषांतरकारांनी मराठीचा कान ठेवून त्याचे दोन केले. विश्वास ठेवणाऱ्यासाठी ‘विश्वासी’ किंवा ‘विश्वासणारा’ हे आणखी वेगळे, आणि मंडळीत ते रोजच्या बोलण्यातले आहेत. अलीकडच्या काही भाषांतरांत मात्र देवालाही ‘विश्वासू’ म्हटले जाते, भाषणांत आणि गाण्यांत तर सर्रास. तुमच्या हातातला कागद याच वळणाचा आहे.

‘विश्वासार्ह’ मला त्याहून नावडता. वर्तमानपत्रांतली सूत्रे विश्वासार्ह असतात, आकडेवारी विश्वासार्ह असते. कोणीतरी तपासून शिक्का मारल्यासारखा तो शब्द आहे, प्रार्थनेत तो कोरडा पडतो.

आता मुळाकडे. जुना करार, म्हणजे बायबलाचा पूर्वार्ध, मुळात हिब्रू. तिथे या कल्पनेमागे आलेफ-मेम-नून या तीन अक्षरांचा धातू आहे, आणि त्याचा अर्थ मनातल्या भावनेपेक्षा हाताला लागणाऱ्या घट्टपणाकडे जास्त झुकतो. त्यातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात शत्रूशी, अमालेक्यांशी, लढाई चालू असताना इस्राएलाचा पुढारी मोशे याचे वर धरलेले हात थकून खाली येऊ लागतात. अहरोन आणि हूर दोन बाजूंनी ते धरून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत हात ‘एमुना’ राहतात, म्हणजे हलत नाहीत, ढळत नाहीत. पुढे देवाच्या विश्वसनीयतेसाठी येतो तो हाच शब्द. प्रार्थनेच्या शेवटचे ‘आमेन’ याच धातूचे. अरबीतला ‘ईमान’ही त्याच कुळातला, म्हणजे आपले इमान, इमानदार, बेइमान सगळे आले. घरमालकाकडे ठेवतो ती ‘अनामत’ मूळची अमानत, तीही यांचीच बहीण. देवळात, मशिदीत, चर्चमध्ये कधी पाऊल न टाकणारा मराठी माणूससुद्धा भाड्याने घर घेताना या धातूला पैसे मोजतो!

संस्कृत ‘विश्वास’चे चित्र निराळे आहे. वि अधिक श्वस्, म्हणजे भीती जाऊन मोकळा श्वास घेणे. ‘आश्वासन’ही त्याच धातूचे, निवडणुकांनी त्याची रया घालवली ही गोष्ट वेगळी. हिब्रू शब्द समोरचा किती घट्ट उभा आहे ते सांगतो, संस्कृत शब्द त्याच्याकडे पाहून आपला श्वास कसा मोकळा झाला ते सांगतो. एकाच व्यवहाराच्या दोन बाजू.

पण मला विचाराल तर या अर्थाचा अस्सल मराठी शब्द या दोन्हींत नाही. तो आहे ‘जागणे’. शब्दाला जागणे, खाल्ल्या मिठाला जागणे, उपकाराला जागणे. वचन दिलेला माणूस झोपत नाही, ही त्यामागची कल्पना. आणि नेमकी हीच कल्पना बायबलात आहे. यिर्मया संदेष्ट्याला पाचारण झाले तेव्हाचा प्रसंग त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात येतो. देव विचारतो, तुला काय दिसते? यिर्मया म्हणतो, बदामाची डहाळी. देव म्हणतो, बरोबर पाहिलेस, कारण मी माझे वचन पुरे करायला जागा आहे. भाषांतरात हा संवाद तुटक वाटतो. बदामाचा आणि जागण्याचा काय संबंध? हिब्रूत बदाम म्हणजे ‘शाकेद’ आणि जागा असलेला तो ‘शोकेद’. त्या प्रदेशात थंडी सरता सरता सगळी झाडे झोपेत असताना बदाम आधी फुलतो. आपल्याकडे पळस-सावर फुलतात तसा, पाने यायच्या आधीच. म्हणून तो ‘जागा’ वृक्ष. स्तोत्रांतही इस्राएलाच्या रक्षकाला झोप लागत नाही, डुलकीही येत नाही, असे म्हटलेच आहे.

एवढ्यावर थांबलो तर मात्र फसगत होईल. यिर्मयाच्या तोंडी देव ज्या वचनाला जागा आहे ते आधी शिक्षेचे वचन आहे : उपटणे, पाडणे, नाश करणे. शब्दाला जागणे म्हणजे गोड शब्दालाच जागणे नव्हे. पण त्याच पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात तेच क्रियापद परत येते. उपटायला जसा जागा होतो तसाच आता बांधायला आणि लावायला जागा राहीन, असे देव म्हणतो. तिथून तीनच वचने (म्हणजे बायबलातली क्रमांकित वाक्ये) पुढे ‘नवा करार’ हे शब्द येतात, ज्यांवरून बायबलाच्या उत्तरार्धाला नाव मिळाले. न्याय आणि दया यांच्यामध्ये जो पूल आहे तो या एका ‘जागण्या’चा आहे, असे मी वाचतो.

‘करार’ शब्दाबद्दलही नेहमी तक्रार असते. भाडेकरार, खरेदीचा करार, देवाशी कसला करार? पण अरबी ‘क़रार’चा मूळ अर्थ स्थिरपणा. मराठीने तो ‘करारी’त जपून ठेवला आहे : करारी माणूस, करारी आवाज. भाडेकरारात दोघांनाही सही करावी लागते. बायबलाच्या पहिल्या पुस्तकात, ‘उत्पत्ती’च्या पंधराव्या अध्यायात, देवाचा अब्रामाशी (पुढचा अब्राहाम) करार होतो तो असा नाही. कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून तुकडे समोरासमोर मांडले जातात. करार करणाराने त्यांमधून चालत जायचे, मोडला तर माझी हीच गत होवो, अशी ती शपथ. सूर्य मावळताना अब्रामाला गाढ झोप लागते आणि तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी व जळती मशाल, म्हणजे त्या रूपात देवच. अब्राम चालतच नाही. एक झोपलेला, एक जागा, आणि जागा आहे त्याच्याच नावावर सगळी जोखीम. भट्टी-मशालीच्या या रूपाबद्दल भाष्यकारांनी खूप लिहिले आहे. शब्दचर्चेला एवढे पुरे.

आता ‘दया’. ख्रिस्ती मराठीत दया आणि कृपा वेगळ्या वापरतात : शिक्षा टळली ती दया, लायकी नसताना दान मिळाले ती कृपा. प्रवचनाला ही वाटणी सोयीची आहे, पण जुन्या करारात जिथे मराठीत ‘दया’ येते तिथल्या ‘हेसेद’ या हिब्रू शब्दाला ती पुरत नाही. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात सव्वीस ओळी आहेत आणि प्रत्येकीचे पालुपद ‘त्याची दया सनातन आहे’. त्यात सूर्य-चंद्र निर्माण केल्याच्याही ओळी आहेत. तिथे कीव कोणाची? हेसेद म्हणजे नात्याला धरून राहणारी माया, जिच्यात निष्ठा आधीच मुरलेली आहे. म्हणून देवाची दया आणि देवाचे विश्वसनीय असणे बायबलात जोडीनेच फिरतात, आणि तुमच्या पत्रिकेतही शेजारी आहेत ते उगाच नव्हे. दुसरा हिब्रू शब्द ‘रहमीम’, ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशयाशी जोडलेला. तिथे मात्र मराठीकडे तोडीस तोड शब्द आहे : कळवळा. लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यात घरी परतणाऱ्या उधळ्या मुलाला दुरून पाहताच बापाला कळवळा येतो. ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आले आहे, आणि आपलेही आतडेच तुटते.

(जाता जाता : हिब्रूत ‘राग’ आणि ‘नाक’ यांना एकच शब्द आहे. ज्याला मराठी बायबल ‘मंदक्रोध’ म्हणते तो हिब्रूत शब्दशः ‘लांब नाकाचा’ आहे. ज्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो त्याच्या नेमका उलट.)

तर पत्रिकेचे काय? ‘अभिवचन’ला हात लावू नका. ख्रिस्ती मराठीत ‘वचन’ म्हणजे शास्त्रातले वाक्य, ‘आजचे वचन’ म्हणतात ते. दिलेल्या शब्दासाठी वेगळे नाव हवे म्हणून ‘अभि’ आला, तो काढलात तर देव बायबलातली वाक्ये पाळतो असा अर्थ होईल. ‘विश्वासू’ चुकीचा शब्द म्हणून खोडू नका. तो मंडळीच्या तोंडी रुळलेला आहे आणि पत्रिका त्यांची आहे. समासात पेन्सिलीने ‘विश्वसनीय?’ लिहून पाठवा. आणि छापायला देणाऱ्यांनी ‘मग काय लिहू?’ असे उलट विचारलेच, तर ‘आमचा देव शब्दाला जागणारा आहे’ हे सुचवून बघा.