सांगलीच्या सेंटरने आयव्हीएफचं (प्रयोगशाळेत गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराचं) ‘७० टक्के यश’ सांगितलंय, ते धरून चालावं का?

लगेच धरून चालू नका, ताई. आधी विचारा, ७० टक्के कशाचे? रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचे, की घरी बाळ आल्याचे? आणि शंभर कोण मोजले: इंजेक्शनं सुरू केलेल्या सगळ्या बायका, की गर्भ सोडण्यापर्यंत पोचलेल्याच?

माझ्या विट्याच्या बहिणीच्या फाइलवर हिरव्या पेनाने ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं होतं. सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नव्हते. त्या सेंटरच्या हिशोबात ते यशच! म्हणून तुमच्या वयोगटातल्या जिवंत जन्मांचा आकडा मागा. पस्तिशीनंतर स्वतःच्या बीजांवर तो झपाट्याने उतरतो.

जुळ्यांचंही विचारा. दोन गर्भ सोडले की आकडा फुगतो, पण जुळी बाळं बरेचदा ३७ आठवड्यांआधी, अडीच किलोच्या आत जन्मतात आणि काचेच्या पेटीत ठेवावी लागतात. शक्य असेल तर एकच गर्भ सोडायला सांगा, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत १९९२ च्या कायद्यामुळे सेंटरनिहाय आकडे जाहीर होतात. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने सेंटरला नोंदणी सक्तीची आहे, आणि यशाची शक्यता, खर्च, धोके जोडप्याला समजावून सांगणंही. तेव्हा संकोच नको, तो तुमचा हक्क आहे.