वाचकांचे प्रश्न : जपानी शब्दांचा प्रवास

प्रश्न : जपानी बोलींच्या नकाशांत काही शब्द देशाच्या दोन्ही टोकांना आढळतात, मधे मात्र नाहीत. उलट आजच्या प्रमाण भाषेतले शब्द तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असतात. असे का?

उत्तर : कारण नकाशावर दोन वेगळे थर एकत्र आलेले असतात.

जुना थर क्योटोचा. हजारहून अधिक वर्षे सम्राटाचे वास्तव्य तिथे होते. तिथे रुळलेला नवा शब्द हळूहळू चहूकडे सरके आणि आधीचा शब्द बाहेर ढकलला जाई. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी 1927 मध्ये गोगलगायीची नावे घेऊन हे दाखवले. क्योटोभोवती ‘देदेमुशी’, त्याबाहेर ‘माइमाइ’, मग ‘कातात्सुमुरी’, पुढे ‘त्सुबुरी’ आणि अगदी टोकांना ‘नामेकुजी’. प्रमाण भाषेत यातले ‘कातात्सुमुरी’ आले, म्हणजे मधल्या कड्यातले. टोकियोचा परिसर त्याच कड्यात येतो. या प्रसाराचा वेग वर्षाला साधारण 1 किलोमीटर मानतात.

पण दोन टोकांना एकच शब्द दिसला की लगेच तो जुना ठरवू नका. तो दोन्हीकडे स्वतंत्रपणेही घडलेला असू शकतो. आधी जुन्या ग्रंथांत शोधा. चतुर या कीटकाला ईशान्येकडच्या तोहोकुत आणि नैर्ऋत्य टोकाच्या ओकिनावात ‘आकेझू’सारखी नावे आहेत, आणि ‘आकिझू’ हे रूप 712 च्या ‘कोजिकी’ या ग्रंथात सापडते. इथे पुरावा पक्का आहे. समुद्रमार्गही विसरू नका. एदो काळात (1603 ते 1868) ओसाकाची व्यापारी जहाजे जपान समुद्राच्या किनाऱ्याने उत्तरेकडच्या होक्काइदो बेटापर्यंत जात. म्हणून क्योटो-ओसाकाकडचे शब्द दूरच्या बंदरांत भेटतात, पण जवळच्या डोंगराळ गावांत नाहीत.

दुसरा थर टोकियोचा, मेइजी काळापासूनचा (1868 पासून). 1904 पासून सरकारी पाठ्यपुस्तके शाळांत आली, 1925 मध्ये रेडिओ सुरू झाला. हे शब्द गावोगाव सरकत गेले नाहीत. शाळा आणि शहरे गाठत त्यांनी उड्या मारल्या. भाषाशास्त्रज्ञ इनोउए फुमिओ यांनी सरळ अंतराऐवजी रेल्वेमार्गाचे अंतर मोजले ते याचसाठी. होक्काइदो टोकियोहून लांब, तरी तोहोकुपेक्षा तिथे प्रमाण रूपे जास्त. नाना प्रांतांतून आलेल्या वसाहतकऱ्यांना सामाईक भाषेची गरजच होती.

नकाशा वाचताना सर्वांत मोठी चूक काळाची होते. राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेच्या भाषिक नकाशासंग्रहासाठी (300 नकाशे, 1966 ते 1974) सुमारे 2,400 ठिकाणी विचारपूस झाली. उत्तरे देणारे होते 1903 किंवा त्याआधी जन्मलेले पुरुष. त्यावरून आजच्या तरुणांच्या बोलीविषयी काही ठरवता येत नाही.

प्रश्न : मग प्रमाण भाषेतले सगळे शब्द टोकियोचेच का?

उत्तर : नाहीत. ‘लवकर होणे’ टोकियोत ‘हायाकु नारु’, पण सकाळचे अभिवादन ‘ओहायो गोझाइमास’. यातला ‘हायो’ हा पश्चिमेकडचा उच्चार. आदरार्थी बोलण्यातून तो पूर्वेत मुरला. वाक्याच्या शेवटचे ‘जान’ (‘नाही का?’ अशा अर्थाचे) तर मध्य जपानातून योकोहामामार्गे टोकियोत शिरले.