गुरुग्रंथातील भाट आणि गुरुदरबारातील कवी : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : भाट म्हणजे बिदागीसाठी धन्याची तारीफ करणारा. त्याची कवने शिखांच्या धर्मग्रंथात कशी आली?

उत्तर : पेशाविषयीची आपली समजूत चुकीची नाही, पण शीख परंपरेत त्या पेशाची भाषाच आधी बदलली होती. ढड नावाच्या डमरूवजा वाद्यावर वीरांच्या गाथा गाणाऱ्याला पंजाबात ढाढी म्हणत, आणि गुरू नानक स्वतःलाच 'हउ ढाढी वेकारु कारै लाइआ' असे म्हणवून घेतात : मी रिकामा बसलेला ढाढी, धन्याने मला कामाला लावले. पुढे या ढाढीला खऱ्या दरबारात बोलावणे येते, आणि तिथे त्याला मानाचे वस्त्र म्हणून मिळते ती ईश्वरस्तुतीच. खुद्द गुरूच आपल्याला भाटाच्या जागी बसवत असल्यावर भाटांना दार बंद राहण्याचे कारण उरले नाही.

१६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जन यांनी सिद्ध केलेल्या ग्रंथाची मांडणी मुख्यतः रागांनुसार आहे; त्याच्या अखेरच्या, रागांबाहेरील भागात भाटांचे १२३ सवैये (सवैया छंदातील कवने) आहेत. पहिल्या पाच गुरूंची ही स्तुती असली, तरी त्यांतले ६० सवैये एकट्या चौथ्या शीख गुरूंना, गुरू रामदासांना उद्देशून आहेत. कवी किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, कारण कल्ह हा भाट कलसहार आणि टल अशाही नाममुद्रा वापरतो. बहुमान्य गणती अकराची आहे. मला यांत सर्वांत जिवंत वाटतो तो भिखा. त्याचे सवैये दोनच, पण त्यांत तो सांगतो की साधू-संन्यासी पुष्कळ पाहिले, वर्षभर हिंडलो, कुणावरही मन बसले नाही, आणि मग गुरू अमरदास भेटले. इतकी खाजगी कबुली दरबारी स्तुतीत क्वचितच सापडते.

प्रश्न : सत्ता आणि बलवंड हेही भाटच का?

उत्तर : नाही. ते रबाबी, म्हणजे गुरुदरबारात कीर्तन करणारे गायक. परंपरा सांगते की घरच्या लग्नासाठी मागितलेला पैसा अपेक्षेइतका न मिळाल्याने ते रुसले, आपल्यावाचून दरबार चालणार नाही असे म्हणाले, आणि शेवटी लाहोरच्या भाई लद्धा यांच्या रदबदलीने परत आले. कथा बाजूला ठेवली तरी त्यांची रामकली रागातील 'वार', म्हणजे पोवाड्याच्या धर्तीची रचना, मोलाची आहे. आठ कडव्यांच्या या रचनेत गुरुगादीचा वारसा सांगताना ज्योत तीच, रीत तीच, केवळ काया पालटली, असे सूत्र येते. राजवंशाचे पोवाडे रक्ताचा वारसा मिरवतात. इथे मात्र नानकांच्या मुलांना डावलून शिष्य लहणा, म्हणजेच पुढचे गुरू अंगद, गादीवर बसल्याचे उघड सांगितले आहे. त्याच ओघात बलवंड गुरू अंगदांच्या पत्नी माता खीवी यांना दाट पानांच्या सावलीची उपमा देतो आणि त्यांच्या लंगरातील तुपाळ खिरीचे वर्णन करतो.

प्रश्न : संत नामदेवांना या कवींत धरावे का?

उत्तर : धरू नये. नामदेव नानकांच्या आधीचे. त्यांची पदे कबीर, रविदास यांच्याप्रमाणे भगतांची बाणी, म्हणजे संतांची वाणी, म्हणून आली आहेत. कोणत्याही गुरूची स्तुती त्यांत असणे शक्यच नव्हते.

प्रश्न : गुरू गोविंदसिंगांच्या पदरी ५२ कवी होते, हे खरे का?

उत्तर : ५२ हा परंपरेतील आकडा आहे आणि तो शब्दशः घेण्याची गरज नाही; कवींचा मोठा मेळा होता, हे मात्र निश्चित. त्यांचे काम स्तुतीपुरते मर्यादित नव्हते. अमृतरायाने महाभारताचे सभापर्व, कुवरेशाने द्रोणपर्व, हंसरामाने कर्णपर्व संस्कृतातून ब्रजभाषेत आणले. गुरूंचे ठाणे असलेले आनंदपूर सोडताना पूर आलेल्या सिरसा नदीत पुष्कळ पोथ्या वाहून गेल्या, असे सांगतात. याच दरबारातील सेनापती नावाच्या कवीने पुढे 'गुरसोभा' रचली, आणि १७०८ मध्ये नांदेडला झालेल्या गुरूंच्या अखेरीचा वृत्तांत तिच्यात वाचायला मिळतो.