बसलेल्या व्यक्तीचं एक्स्प्रेशनिस्ट चित्र कॉपी करून घरीच पेंटिंग शिकता येईल का? (नागपूर, क्लासला वेळ नाही)

येईल की! फक्त चित्र नीट निवडा. माझं मत एगॉन शीले या ऑस्ट्रियन एक्स्प्रेशनिस्ट (हुबेहूब दिसण्यापेक्षा भावनेला महत्त्व देणाऱ्या) चित्रकाराला: त्याचं 1917 मधलं, गुडघ्यावर डोकं टेकून बसलेल्या बाईचं चित्र. ते कागदावर ग्वाशमध्ये (पाण्यात मिसळायच्या, अपारदर्शक रंगात) आहे, म्हणजे तैलरंगांचा खर्च वाचला. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) मिळणारे पोस्टर कलरही चालतील. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली ॲक्रिलिक रंग पॅलेटवरच वाळून कडक होतो. ग्वाश पाण्याचा थेंब टाकला की परत ओला.

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका, सगळे तिथेच अडकतात. आधी वर घेतलेला पाय, हात आणि धड यांच्यामधल्या रिकाम्या जागा आखा. त्या बरोबर आल्या की बाई बसलेली दिसते, नाहीतर घसरत असलेली. रेघ एका दमात ओढा. थोडी वाकडी गेली तर जाऊ द्या, खोडरबराने ती मरते. हिरवा ब्लाउज आणि तांबूस केस एकमेकांना उठाव देतात. पण बाटलीतला हिरवा तसाच फासू नका, चिमूटभर लाल घालून जरा मळवा.

एक कॉपी झाली की घरातल्या कुणालातरी तसंच बसवून काढा. खरं शिकणं तिथे सुरू होतं, आणि चहाच्या बोलीवर माणूस अर्धा तास बसतो.