नुसतं ‘गेस्ट आहे’ म्हणून थांबू नकोस

खानापूर तालुक्यातल्या नंदगडहून एका मुलीचं पत्र आलंय. हिस्ट्रीत एम.ए., के-सेट (कर्नाटकातली असिस्टंट प्रोफेसरची पात्रता परीक्षा) पास, बेळगावात एका डिग्री कॉलेजला दोन वर्षं गेस्ट लेक्चरर, आणि गेल्या वर्षी पीएच.डी.ला रजिस्ट्रेशन झालंय. ती लिहिते, ‘पोरं मॅडम म्हणतात पण मला स्वतःला प्रोफेसर असल्यासारखं वाटतच नाही. शिकले मराठीत, स्टाफरूममध्ये सगळं कन्नड, पेपर लिहायचा इंग्लिशमध्ये. गावात सगळे विचारतात, अजून पर्मनंट न्हाई व्हय? धारवाडला सेमिनारमध्ये एका सरांनी विचारलं काय करता, मी म्हटलं गेस्ट आहे, ते बरं म्हणाले आणि चहाला गेले. आई म्हणते बी.एड. करून हायस्कूलला लाग. पीएच.डी. सोडू का?’

सोडू नकोस बाळ. का ते सांगते, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे तुला जे वाटतंय ते पर्मनंटची ऑर्डर नाही म्हणून वाटतंय असं तू धरून चाललीयस, पण पर्मनंट झालेल्यांनाही पहिली काही वर्षं असंच वाटतं, मी कितीतरी जणांशी बोललेय. सुरुवातीला आपण आपल्या सरांचेच लेक्चर देत असतो, त्यांच्याच नोट्स, त्यांचीच उदाहरणं, कुठं थांबायचं तेही त्यांचंच. मग कधीतरी पोरांना शिकवताना लक्षात येतं की हे पुस्तकात लिहिलंय ते आपल्या भागाला लागू पडत नाही, मग आपण शोधाशोध करतो, चार पानं लिहितो, आणि त्या विषयातलं कुणीतरी आपल्याला फोन करून म्हणतं की तुमचं हे मला पटलं नाही. तिथनं माणूस प्राध्यापक व्हायला लागतो. हे काम ऑर्डर करत नाही, विषयातली माणसं आणि वर्गातली पोरं मिळून करतात.

आता अडचण कुठं आहे बघ. विषय, विद्यार्थी आणि कॉलेज, तिघंही प्राध्यापकाला आपापल्याकडं ओढतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरचा आठवडा ४० तासांचा, त्यातले १६ तास थेट शिकवायचे, आणि प्रमोशन मागायला गेलं की रिसर्चही दाखवायचा. म्हणजे पर्मनंट माणसाला निदान प्रमोशनसाठी तरी कुणीतरी विचारतं की काय लिहिलंत. गेस्टला कोण विचारणार? तुझे पिरियड मोजले जातात, वरनं परीक्षेचं काम आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, फाइली असतील, आणि दरवर्षी नव्या ऑर्डरची वाट. त्यामुळं विषयासाठी वेळ तुलाच काढून ठेवावा लागणार. आठवड्यातली एक पूर्ण सकाळ अशी ठेव की त्यात कॉलेजचं काहीही करायचं नाही.

भाषेचं तू कमीपणा म्हणून लिहिलंयस, ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. अगं आपल्या भागात हे नवीन आहे का? जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्लिश शिकवायचे, आजूबाजूला सगळं कन्नड, आणि कथा लिहिल्या मराठीत. बेंद्रे घरात मराठी बोलणारे आणि कन्नडचे एवढे मोठे कवी, ते सोलापूरला शिकवत होते. आणि तुझा तर विषयच इतिहास. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, चंदगडसुद्धा तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच, त्यामुळं ह्या भागाचे जुने कागद मुंबई, पुणे, कोल्हापूर, धारवाड असे विखुरलेत, मोडी आहे, कन्नड आहे, इंग्लिश आहे. हे सगळं एकत्र वाचू शकेल असा माणूस पुण्यातही सहज मिळत नाही आणि बेंगळुरातही नाही. त्यात तू नंदगडची, जिथं १८३१ मध्ये इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं. पुढच्या सेमिनारला कुणी विचारलं तर सांग, ‘मी अमुक काळातल्या अमुक कागदांवर काम करते, बेळगावात शिकवते.’ समोरचा लगेच विचारेल कागद कुठं मिळाले, आणि मग चहाला दोघं बरोबर जाल.

आता व्यवहाराचं. जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरच्या पात्रतेला नेट ही देशभराची किंवा सेट ही राज्याची परीक्षा पुरते, पीएच.डी.ची सक्ती नाही. त्यामुळं ‘नोकरीसाठी लागते’ एवढ्यासाठीच पीएच.डी. करत असशील तर अर्ध्यात कंटाळशील. ती पुढं असोसिएट प्रोफेसर व्हायला लागेलच, पण आत्ता इतिहासाची अभ्यासक म्हणून घडायला कर. दुसरं, के-सेट कर्नाटकापुरतीच. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडं अर्ज करायचा तर नेट नाहीतर महाराष्ट्राची सेट लागेल, ती दे, तू बॉर्डरवर राहतेस तर दोन्हीकडची दारं उघडी ठेव. पर्मनंटला सुरुवातीचं बेसिक ५७,७०० आहे, पण भरती कधी निघेल ह्यावर भरवसा ठेवू नकोस, ते कुणाच्याच हातात नाही.

आईंचं म्हणणं चुकीचं नाही हं. त्यांना घर दिसतंय. पण बी.एड. म्हणजे दोन वर्षं रोजची हजेरी, त्यात थिसिस बसणार नाही. घरात पैशाची खरीच ओढ असेल तर मला मोकळेपणानं लिही, मग वेगळा विचार करू. नसेल तर त्यांना सांग की पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं असतात, बायकांना वरनं दोन वर्षांची सवलतही मिळते, पण मी चार वर्षांत संपवायचं ठरवलंय. आणि खरंच ठरव.

मोडी येत नसेल तर ह्या सुट्टीतच शिकायला लाग, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग असतात, कोल्हापुरातही शिकवणारे भेटतील. पहिला लेख मराठीतच लिही, विचार पक्का झाला की इंग्लिश करायला सोपं जातं. आणि गाइडना भेटून आधी विषयाचा काळ आणि तालुका बांधून घे, अख्खा बेळगाव जिल्हा घेऊन बसू नकोस, खानापूर तालुका पुष्कळ झाला.