कोल्हापूर ते मुंबई विमानतळाचं अंतर किती आणि विमानाला किती वेळ लागतो?

सरळ रेषेत साधारण 310 किलोमीटर. तिकिटावर तासाभराचा प्रवास दिसेल. हाच तास आमचे डोंबिवलीचे साडू कायम माझ्या तोंडावर फेकतात, म्हणून लिहायला बसलोय.

"तासाभराचं काम, रात्रभर रेल्वेत कशाला अंग मोडून घेता?" हे ऐकून ऐकून शेवटी त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही दोघं विमानानं निघालो. दुपारी दीडचं विमान. राजारामपुरीतून उजळाईवाडीचं विमानतळ ते किती लांब, तरी साडेअकरालाच घर सोडलं. बायकोनं मेव्हणीसाठी दोन किलो चटणी घेतलेली. चटणी म्हणजे आमची कांदा-लसणाची, इडलीबरोबरची नव्हे. बॅगेत टाकली तर साड्यांना तेल लागंल म्हणून डबा हातातल्या पिशवीत. तपासणीला पिशवी बाजूला काढली, झाकण उघडलं, आणि उघडणारा तीनदा शिंकला. मिरचीपूड केबिनमध्ये चालत नाही, नियमच आहे, चूक आमचीच. बॅग तोवर आत गेलेली. सोडायला आलेला भाचा कावळा नाक्यापर्यंत पोचला होता, त्याला माघारी बोलावून डबा त्याच्या हवाली केला. बायको पुण्यावरनं विमान जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

आता तुमचा प्रश्न. पंख्याचं छोटं विमान, म्हणजे एटीआर, असेल तर वेग ताशी पाचशेच्या आसपास, म्हणजे खरं उडणं चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं. पण तिकिटावरची वेळ इथं जागेवरनं हलल्यापासून तिथं जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरात असते आणि विमानं रांगेत. आम्हीसुद्धा वर दोन घिरट्या घातल्या. उतरून बॅग मिळाली तेव्हा साडेतीन वाजलेले. तिथनं डोंबिवली टॅक्सीनं अडीच तास. दारात पाय ठेवला तर सहा! साडेअकरा ते सहा मोजा, साडेसहा तास. साडू दारातच, "काय, आलात की नाही तासात?"

गाडीनं सातारा-पुणे करत पावणेचारशे किलोमीटर, आठ तास धरा. आणि महालक्ष्मी एक्सप्रेस? रात्री जेवून बसायचं, झोपायचं, पहाटे कल्याण. तिथनं लोकलनं दुसरं स्टेशन डोंबिवली. दिवस मोडत नाही, पैसे निम्म्याहून कमी, आणि डबा उघडून कुणी बघत नाही. कल्याण-डोंबिवलीकडं जायचं असेल तर विमानाचा नाद करू नका, हे माझं स्पष्ट मत.

विमानाला नावं ठेवत नाही हं. 1939 पासून आमच्या गावाला विमानतळ आहे, राजाराम महाराजांच्या काळातला, आणि 2024 ला नवीन टर्मिनल झालं ते बघण्यासारखं आहे. तुम्हाला पार्ल्या-अंधेरीत काम असेल किंवा पुढं परदेशाचं विमान पकडायचं असेल तर बिनधास्त विमानानंच जा. फक्त पुढच्या विमानाचं टर्मिनल कुठलं ते आधी बघा, टी-वन आणि टी-टू एकमेकांना चिकटून नाहीत.

तो डबा पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या एका पोराबरोबर महालक्ष्मीनं पाठवला. साडू स्वतः कल्याण स्टेशनावर घ्यायला आले होते म्हणे, पहाटे.