भावकीच्या वंशावळीत आमचे आजोबाच नाहीत

प्रश्न : आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात. पणजोबा सखाराम १९४८ साली वारले. त्यांना तीन मुलगे. मधले ज्ञानू म्हणजे माझे आजोबा. ते मुंबईला गिरणीत लागले आणि १९८४ साली परळच्या चाळीतच वारले. जमीन गावीच राहिली. सातबारावर थोरल्या आजोबांचे नाव आहे आणि पुढे 'ए.कु.पु.' असे लिहिले आहे. आता त्यांच्या नातवाने वारसनोंदीसाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र दिले असून त्यात पणजोबांना दोनच मुलगे दाखवले आहेत. फेरफाराची नोटीस लागल्याचे गावातून फोनवर कळले. माझे वडील हयात नाहीत. आजोबांचे गिरणीचे ओळखपत्र तेवढे घरात आहे, पण त्यावर नाव 'ज्ञानदेव' आहे. मी आमची वंशावळ तयार करून सोबत पाठवत आहे. ती नोटरी करून दिली की भागेल का? (नावे बदलली आहेत, पत्र थोडक्यात दिले आहे.)

उत्तर : ताई, नोटरीने भागणार नाही. चुलतभावाच्या वंशावळीवरही नोटरीचा शिक्का असेलच. तो शिक्का सही कोणाची एवढेच सांगतो, कोण कोणाचा मुलगा हे सांगत नाही.

पण आधी घाईचे काम. फेरफार धरला गेला आहे, तो अजून मंजूर झालेला नसावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून नोटिशीची तारीख आजच बघा. तलाठी कार्यालयात (पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे) लेखी हरकत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. फोनवर 'मी सांगून ठेवलंय' याला किंमत नाही. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणीशिवाय मंजुरी देता येत नाही. मुदत टळून नोंद मंजूर झाली असली तरी हातपाय गाळू नका. प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते. शिवाय फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. ती नोंद मुळात सारावसुलीसाठी असते.

आता 'ए.कु.पु.'. ही तीन अक्षरे तुमच्या बाजूची आहेत. एकत्र कुटुंब पुढारी म्हणून नाव लागले याचा अर्थ जमीन त्या एकट्याची नव्हती. मग बाकीचे कोण, हे सातबारा सांगणार नाही. ते पणजोबांच्या मृत्यूनंतर झालेला फेरफार सांगेल. सातबारावर नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक असतात, त्यातला सर्वांत जुना धरून मागे मागे जा. त्या काळच्या वारस फेरफारात बरेचदा असा मजकूर सापडतो की अमुक मयत, त्यास मुलगे तीन, पैकी थोरल्याचे नाव ए.कु.पु. म्हणून दाखल. तो एक उतारा मिळाला तर तुमचे निम्मे काम झाले. संगणकावर ओळीचा सारांश पाहून थांबू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षातून फेरफाराची पूर्ण नक्कल घ्या आणि सोबत गाव नमुना सहा-क, म्हणजे वारस नोंदवहीची नक्कलही मागा.

दुसरा कागद कोतवाल बुकाचा. गाव नमुना चौदामध्ये गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असत. इथे एक खाचखळगा सांगतो. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव असते, पण बाळाचे नाव बहुधा नसतेच, नुसते 'मुलगा' लिहिलेले असते. बारसे व्हायच्या आत कोतवालाने वर्दी दिलेली असे. म्हणून ती नोंद एकटी पुरत नाही. गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात 'ज्ञानू सखाराम' आणि जन्मतारीख मिळाली, आणि तीच तारीख कोतवाल बुकातल्या 'सखाराम यास मुलगा' या नोंदीशी जुळली, की साखळीची कडी पक्की बसते. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील. वाचता येणाऱ्या ओळखीच्या आजोबांकडून अर्थ समजून घ्या, पण दाखल करायचे लिप्यंतर जाणकार मोडी वाचकाचे हवे आणि त्याला साक्षीला यावे लागेल हे आधीच सांगून ठेवा.

ज्ञानू आणि ज्ञानदेव हा फरक मला फारसा भीतिदायक वाटत नाही. गावात ज्ञानू आणि गिरणीत ज्ञानदेव असे हजारो झाले. मात्र ओळखपत्रावर मधले नाव सखाराम आहे का, गावाचे नाव आहे का, हे बघा. आजोबांच्या मृत्यूची मुंबई महापालिकेकडची नोंद काढा. भविष्यनिर्वाह निधीची आणि गिरणी कामगारांच्या घरासाठी कधी अर्ज केला असेल तर त्याची कागदपत्रेही शोधा. दोन्ही नावे एकाच माणसाची हे एका कागदाने सिद्ध होत नाही. वय, गाव, बापाचे नाव सगळीकडे जुळत गेले की होते.

वंशावळीच्या दाव्यांत माणसे कुठे आपटतात ते बेतिया राजच्या खटल्यात दिसते. बिहारमधल्या चंपारणच्या या मोठ्या जमीनदारीचे महाराज १८९३ साली निपुत्रिक वारले आणि त्यानंतर वारस म्हणवणारे उभे राहिले. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात दावेदारांची वंशावळ टिकली नाही. कागद पुराव्यात दाखल होणे वेगळे आणि त्याला वजन मिळणे वेगळे, हे त्या निकालाचे सूत्र. तो कागद कोणी, कधी आणि कोणत्या हेतूने केला हे न्यायालय विचारते. नवा भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला असला तरी नियम जुनाच आहे. नात्याची खास माहिती असलेल्या मृत व्यक्तीचे म्हणणे कलम २६ खाली ग्राह्य धरतात, पण ते वाद सुरू होण्याआधीचे हवे. चुलतभावाने वारसनोंदीसाठीच केलेली वंशावळ या कसोटीवर लंगडी आहे. तुम्ही परवा केलेलीही तितकीच लंगडी आहे.

तुमच्या भागात हेळवी येत असतील. बैल घेऊन दारोदार फिरून घराण्याची वंशावळ वाचणारे, बाडात नवी नावे लिहून घेणारे. भावकीच्या हेळव्याचा पत्ता काढा. त्याच्या बाडात ज्ञानूचे नाव वर्षांपूर्वीच चढलेले असेल तर तो चांगला आधार आहे, मात्र मूळ बाड घेऊन त्यालाच यावे लागेल. भर म्हणून ठेवा, सगळा भार त्यावर टाकू नका.

त्याहून मोलाचा पुरावा तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. आजोबा वारले तेव्हा गावच्या तिन्ही घरांनी सुतक पाळले आणि दहाव्याला थोरले आजोबा स्वतः मुंबईला आले होते. साक्ष्य अधिनियमाचे कलम ४४ याचसाठी आहे. नात्याबद्दल घरच्या माणसांचे मत त्यांच्या वागण्यातून दिसते. परक्यासाठी कोणी सुतक धरत नाही. भावकीतल्या जुन्या लग्नपत्रिकांवर 'निमंत्रक' म्हणून तुमच्या वडिलांचे नाव असेल तर त्याही जपून ठेवा.

सामोपचाराने जमले नाही तर वाटपाचा दिवाणी दावा करावा लागेल, सोबत जमीन विकायला मनाईचा अर्ज. दाव्याची लिस पेंडन्स नोटीस, म्हणजे या जमिनीवर दावा चालू आहे अशी सूचना, दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या. इतक्या वर्षांनी दावा चालेल का, ही शंका रास्त आहे. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याने सगळ्यांचा ताबा मानतात. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळले हे कळल्यापासून बारा वर्षांची मुदत असते. तुम्हाला ते आत्ता कळले, पण आधी कधी गावच्यांनी तोंडावर हिस्सा नाकारला होता का हे वकिलाला खरे सांगा. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल फौजदारी तक्रार करता येते. मी ती आत्ता करणार नाही, कारण मग गावातला एकही साक्षीदार तुमच्याशी बोलणार नाही.

राहिली तुम्ही पाठवलेली वंशावळ. त्यात आजोबांच्या खाली तुमचे वडील आणि काका आहेत. पत्रात मात्र तुम्ही 'आत्याला सुतकाचे सगळे आठवते' असे लिहिले आहे, आणि दुसऱ्या एका आत्याचा उल्लेखही आहे. त्या दोघी झाडावर कुठे आहेत? मुली म्हणून त्या आजोबांच्या पहिल्या वर्गाच्या वारस १९८४ सालीही होत्याच. हिंदू वारसा कायद्याची २००५ची दुरुस्ती (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क) आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२०चा विनीता शर्मा निकाल यानंतर हिस्सा नेमका किती पडतो ते दाव्यात ठरेल. 'आम्हाला काही नको' असे त्या तोंडी म्हणाल्या असतील तर ते हक्कसोडपत्र नव्हे, ते नोंदणीकृत लागते. सगळे हिस्सेदार पक्षकार नसलेला वाटपाचा दावा त्याच कारणावर अडकतो. चुलतभावाचा वकील उलटतपासणीत तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारेल.

थोरल्या आत्याचे वय तुम्ही ब्याऐंशी लिहिले आहे. सखाराम आणि ज्ञानू दोघांनाही ओळखणारी हयात व्यक्ती बहुधा त्याच एक. हरकत दाखल केली की तहसीलला जाण्याआधी त्यांच्याकडे जा. झाडाचा कोरा कागद न्या, आणि दोघी आत्यांची नावे त्यांच्यासमोरच लिहा.